हललेला खुंटा

१

मोजणीदाराला घरातली कुठलीही वस्तू जागची हललेली खपत नसे. कात्री खिळ्याला, किल्ली तिच्या खुंटीला, चष्म्याचं घर खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. इकडची काडी तिकडे झाली की त्याचं डोकं फिरायचं. बायको म्हणायची, "अहो, मलाही एकदा खिळ्याला टांगून टाका. निदान हवी तेव्हा सापडेन तरी." तो हसायचा नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं नंतर त्याला फार वाटलं.

दोष एकट्या स्वभावाचा नव्हता, नोकरीचाही होता. वेधशाळेच्या मोजणी खोलीत तो सव्वीस वर्षं काम करत होता. काम ऐकायला भारी, करायला कंटाळवाणं. आकाशात दूर कुठेतरी एखादा तारा फुटतो आणि त्याचा धक्का हजारो वर्षं पसरत राहतो. काही मोठ्या ताऱ्यांच्या अंगावरून तर कायम जोराचा वारा सुटलेला असतो. असा धक्का किंवा वारा वाटेत कशावर आदळला, की त्याच्यापुढे उजेडाची वाकडी रेघ उमटते. पुलाच्या खांबापुढे नदीचं पाणी फुगतं ना, तशी. मोजणी खोलीत तिला कमान म्हणत. कमानीची पुढची फुगीर बाजू म्हणजे कपाळ, आणि आतली रिकामी जागा म्हणजे पोट. पोटात जे असेल ते पुष्कळदा दिसतच नाही. दिसते ती नुसती कमान.

तर एकाच जागेचं वीस वर्षांपूर्वीचं चित्र आणि आजचं चित्र एकावर एक ठेवायचं, आणि कमान किती सरकली ते मोजायचं. पण सरकली ती कशाच्या मानाने? त्यासाठी चित्रातले चार-पाच न हलणारे तारे आधी धरून ठेवायचे. त्यांना म्हणायचं खुंटे.

खोलीच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, जिभेला हाड नाही, पण मोजणीदाराला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. कोणीही आकडा घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "खुंटा हलवून बघितलास का?"

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, "कमान एवढंच सांगते की आत कोणीतरी आहे. चालतंय कोण, ते ती सांगत नाही. वारा आतल्यावर चालून आला काय, आतला वाऱ्यात घुसला काय, कमान सारखीच. ते खुंट्याला विचारायचं." आणि दुसरी, "धक्का स्वतःच्या वर्दीच्या पुढे धावतो. काहीतरी येतंय ही खबर त्या विरळ वायूतून ज्या वेगाने जाईल, त्याहून धक्का जोरात. म्हणून समोरच्याला आधी काही कळत नाही. कळतं तेव्हा तो आत असतो."

तेव्हा मोजणीदार पंचविशीतला होता. त्याने दोन्ही वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.

२

घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली बायकोचं धुलाईचं दुकान. समोर काचेचा दरवाजा. आत शिरलं की चार पावलांवर इस्त्रीचं लांबलचक टेबल. टेबलापलीकडे, दरवाजाकडे तोंड करून, बायको उभी. तिच्या पाठीमागे दुकानाचा लांब, पोटमाळा नसलेला उंच भाग, डाव्या भिंतीला कपडे धुण्याची तीन मशीनं आणि एक वाळवायचं पिंप, अगदी मागच्या भिंतीत वाफ बाहेर ओढणारा पंखा, आणि पंख्याखाली पाणी जायची जाळी. मागचं दार होतं, पण त्याला गाठोडी रचून ठेवल्यामुळे ते वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं.

बारा वर्षं ती बाई त्या आवाजात उभी राहिली. मशीनं घुंघुं करायची, पिंप धडधडायचं, इस्त्री फुसफुसायची. तिला अर्धशिशी होती. दुपार झाली की उजवी भुवई दाबून धरायची आणि डाव्या हाताने इस्त्री फिरवायची. "कान काढून खुंटीला लावता आले असते तर काय बिघडलं असतं?" असं म्हणायची आणि पुढचा सदरा ओढायची.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी फरशी धुवायचं काम मोजणीदाराचं. त्याने साबणाच्या पाण्याची बादली टेबलापाशी ओतली. फरशीला मागे उतार होता, पाणी फेस घेऊन सरळ जाळीकडे निघालं. तिसऱ्या मशीनच्या समोर आलं आणि दुभंगलं.

अडलं म्हणावं, तर तिथे काहीच नव्हतं. फेस अर्धगोल जमला, थोडा फुगला, दोन्ही अंगांनी घसरून पुढे गेला आणि जाळीत उतरला. आतली हातभर जागा कोरडी ठणठणीत.

"अगं, ही फरशी इथे फुगलीय का?"

"फरशी कशाला फुगेल?" ती वरून जिन्यात आली. "तुमचं आपलं काहीतरीच."

त्याने गवंड्याची पाणसळ आणली, फरशीवर चारी दिशांना ठेवून बघितली. बुडबुडा आपला उताराच्या बाजूने जरासा कललेला, बाकी ठीक. त्याने दुसरी बादली ओतली. फेस पुन्हा तिथेच वाकला. कपाळ टेबलाकडे, पोट मागे. कामावर रोज बघायचा तशी कमान, फक्त आकाशात नव्हती.

तेल सांडलं असेल, तो स्वतःला म्हणाला. तेलावर पाणी चढत नाही. त्याने झाडूची काठी लांब करून ती जागा खरवडली. तेल नव्हतं. तिथे पाय मात्र त्याने टाकला नाही. बूट ओले होतील म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. आता जागा कोरडी असताना बूट ओले कसे होणार, हे त्याला कोणी विचारायला हवं होतं.

३

सोमवारी तो पाच वाजता घरी आला. काचेतून तिरपं ऊन आत शिरलं होतं. इस्त्रीची वाफ टेबलावरून उठत होती आणि बायकोच्या खांद्यांवरून मागे पंख्याकडे ओढली जात होती. त्या उन्हात वाफेचा पापुद्रान् पापुद्रा दिसत होता.

तिसऱ्या मशीनच्या समोर वाफ वाकत होती.

काल फरशीवर दिसलं ते फक्त पायापाशी होतं. आज सगळी उंची दिसली. वाफ खालपासून वरपर्यंत एका उभ्या कशावर तरी येऊन फुगत होती आणि बाजूंनी निसटत होती. जिन्याच्या चौकटीशी त्याने नजरेने ताडून बघितलं. चौकटीएवढी उंच. चौकटीहून बोटभर जास्तच.

"असे काय बघताय? नवी दिसतेय का मी?" बायको म्हणाली.

"पंखा नीट ओढत नाहीये बहुतेक," तो म्हणाला.

त्याचे हात सवयीने कामाला लागले. भीती वाटली की माणसं देवाचं नाव घेतात, हा मोजायला लागला. त्याने टेबलाला खुंटा धरलं. का? तर बारा वर्षांपूर्वी चार हमालांच्या उरावर बसून त्याने ते स्वतः जागेवर ठेवून घेतलं होतं. सूर्य इकडचा तिकडे होईल, ते टेबल होणार नाही. टेबलाच्या मागच्या पायापासून कमानीच्या कपाळापर्यंत त्याने फरश्या मोजल्या. सात.

शुक्रवारी पुन्हा मोजल्या. साडेसहा.

४

पुढच्या सोमवारी सहा झाल्या. मग सव्वापाच. मग साडेचार.

मोजणीदार काही खुळा नव्हता, बरं का. त्याने पंखा बंद करून बघितलं, मशीनं एकेक थांबवून बघितली, हवेचा झोत कुठून येतो ते बघायला उदबत्ती धरून बघितली. पंखा बंद केला की वाफ सरळ वर जायची आणि कमान नाहीशी व्हायची. त्यामुळे त्याला जरा धीर आला, की पंख्याचाच दोष. मग लगेच त्याला आठवलं की वारा थांबला तर आकाशातली कमानही विरून जाईल. आतला मात्र जिथल्या तिथे राहील.

आणि कपाळ टेबलाकडे होतं. येतंय ते टेबलाकडे येतंय. टेबलापाशी दिवसभर पाठमोरी उभी असते ती कोण, हे काय वेगळं सांगायला हवं?

बायकोची गंमत अशी, की ती त्या दिवसांत कधी नव्हे इतकी खुशीत होती. भुवई दाबणं बंद झालं होतं. काम करताना गुणगुणायची.

"हल्ली दुकानात कसं गार वाटतं," एकदा जेवताना ती म्हणाली. "आणि मशीनचा आवाजही उतरलाय. तुम्ही तेलबिल घातलंत की काय?"

"नाही."

"मग मीच बहिरी होत चालले असेन. झाले तर झाले बाई, डोकं तरी थांबलं."

तो म्हणाला, "चार दिवस तुझ्या बहिणीकडे जाऊन ये ना. दुकान मी बघतो."

"तुम्ही?" ती खो खो हसली. "तुम्ही सदऱ्याच्या बाह्या मोजत बसाल! आणि एवढं प्रेम का ऊतू चाललंय? काय लपवताय?"

आता इथे त्याने सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सांगायचं काय? दुकानात कोणीतरी उभं आहे, ते दिसत नाही, आणि ते तुझ्या पाठीशी साडेचार फरश्यांवर आलंय? ती घाबरली असती, नाहीतर हसली असती, आणि दोन्हींतलं काहीही त्याला झेपणारं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याला तिच्या हातात साबणाची झिजलेली वडी दिसली. जेवायच्या टेबलावर साबण कशाला? "हे काय?"

तिने वडी पदराआड सरकवली, शाळेतल्या मुलीसारखी लाजली. "काही नाही," ती म्हणाली.

असे ते दोघं. संसाराला सत्तावीस वर्षं झालेली, आणि दोघांनी एका रात्रीच्या जेवणात एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवली. त्यातली एक जरी बाहेर पडली असती तरी पुढचं टळलं असतं.

५

साडेचारच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. मोजणीदाराने रजा टाकायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी तो अर्ज घेऊन मोठ्या बाईंकडे गेला, तर बाई त्याचीच वाट बघत होत्या.

"बस. अकरा वर्षांपूर्वी तू एक कमान मोजायला घेतलीस. दरवर्षी लिहितोयस, कमान खुंट्याकडे सरकतेय. आठवतंय?"

"हो बाई."

"नवं चित्र आलं. मी स्वतः मोजलं." त्यांनी पडद्यावर दोन चित्रं एकावर एक टाकली आणि आलटून पालटून दाखवू लागल्या. "ही कमान बघ. बाकीच्या ताऱ्यांच्या मानाने तसूभर हललेली नाही. आणि हा तुझा खुंटा बघ."

चित्रं बदलत होती. जुनं, नवं, जुनं, नवं. कमान ढिम्म. ठळक, सुबक, त्याचा आवडता तारा, ज्याच्यावरून त्याने अकरा वर्षं सगळं मोजलं, तो मात्र दर वेळी टुणकन कमानीकडे सरकत होता.

"कमान कुठेच येत नव्हती रे," बाई म्हणाल्या. "हा जात होता तिच्याकडे. ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त भरवसा, तोच खुंटा आपण हलवून बघत नाही. होतं असं. एवढं पांढरं पडायला काय झालं?"

त्याच्या डोळ्यांपुढे साबणाची वडी आली.

तो उठला तेव्हा खुर्ची उलटली. व्हरांड्यात येऊन त्याने बायकोला फोन लावला. दोनदा वाजताच फोन उचलला गेला. पलीकडून काही ऐकू येईना. तिचा आवाज नाही, आणि मशीनांचाही नाही. गुरुवार हा हॉटेलच्या चादरींचा दिवस, तिन्ही मशीनं आणि पिंप एकदम चालू असायची.

"अगं, टेबलापासून लांब हो! बाहेर ये! ऐकतेयस का?"

काही नाही. मग फोन बंद झाला.

६

भर दुपारी, बाराच्या उन्हात तो धावत दुकानापाशी आला. काचेतूनच त्याला फरशी दिसली. जिथे टेबल असायचं तिथून आतपर्यंत चार गुळगुळीत पट्टे गेले होते, साबणाने चकाकणारे. रोज थोडं पायांना साबण लावायचं, रोज दोन बोटं मागे ओढायचं. नवऱ्याला हललेलं खपत नाही, म्हणून हळूहळू. मागे गार वाटतं ना, मागे आवाज येत नाही ना, म्हणून.

त्याने दरवाजा ढकलला. मशीनांचा कल्लोळ अंगावर आला. टेबल थेट तिसऱ्या मशीनपर्यंत गेलं होतं. त्यावर वाफेची भिंत उभी होती, फुगीर, कपाळ त्याच्याकडे. दोन्ही बाजूंनी वाफ वळून पंख्याकडे चालली होती. आणि आत, जिथे वाफेचा कणही नव्हता, तिथे बायको उभी होती.

ती मजेत इस्त्री करत होती. दंतवैद्याचा पांढरा कोट होता, दर गुरुवारचा. ओठ हलत होते. गाणं म्हणत असावी.

"ये बाहेर!" तो ओरडला.

तिला ऐकू गेलं नाही. तिने कोटाची बाही सरळ केली, इस्त्री नेहमीप्रमाणे उभी ठेवली, आणि हात मानेमागे नेला. मागून फुंकर आल्यासारखा. मग ती वळली. आधी तिने खांद्याच्या उंचीला बघितलं. तिथे तिला काही मिळालं नाही. मग तिने मान वर केली. आणखी वर. माणसाचा चेहरा असतो त्याच्याही वर.

तिच्या पाठीमागचा पंखा त्याला दिसायला हवा होता. दिसत नव्हता.

इथे मोजणीदार दोन पावलं मागे सरला. हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही, मेहुणीला सांगितलं नाही, कोणालाच नाही. पण सरला. पाठ काचेला टेकली तेव्हा त्याला कळलं.

ती परत त्याच्याकडे वळली. तो चेहरा त्याने सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. वाफेचा एक लोट दोघांच्या मध्ये आला, तिने तोंड उघडलं, लोट निसटला, आणि पुढचं त्याला स्वच्छ दिसलं. ओठांचा चंबू झाला, मग "नका". आवाज आला नाही. आला असता तर त्याच्यापर्यंत तो मशीनांच्या गोंगाटातही पोचला असता, इतकं तोंड उघडून ती ओरडली होती.

मग वाफ तुटली. इस्त्रीची वाफच थांबली, म्हणून तुटली. टेबल होतं, कोट होता, ती नव्हती. त्याने जाऊन इस्त्रीला हात लावला. गार होती, कोणी महिनाभर लावलीच नसल्यासारखी.

७

पोलिसांनी मागचं दार बघितलं. गाठोडी तशीच, त्यांच्यावर धूळही तशीच. पुढच्या दाराने ती गेली नाही, कारण तिथे हा उभा होता. म्हणजे संशय कोणावर, ते सांगायला नको. पण त्याला कुठे अडकवावं असं काही सापडलं नाही. मेहुणी आली, ऊर बडवून रडली, जाताना उंबऱ्यात म्हणाली, "तुम्ही काहीतरी लपवताय."

आठवड्याने दंतवैद्य कोट न्यायला आला. "वहिनी दिसत नाहीत?"

"नाहीत."

डॉक्टरने कोट उलगडून बघितला. डावी बाही कडक इस्त्रीची, उजवी चुरगळलेली. तो बिचारा तसाच घेऊन गेला.

मोजणीदार आता आरशासमोर बसायचा. ओठ हलवायचा आणि बघायचा. पहिलं अक्षर वाफेने खाल्लं होतं. उरलं होतं "ऊ नका". "जाऊ नका" म्हणून बघितलं. "येऊ नका" म्हणून बघितलं. "ऊ"पासून पुढे दोन्ही तंतोतंत सारखे. एका अक्षराने सगळं फिरत होतं, आणि तेच अक्षर त्याच्याकडे नव्हतं.

मोठ्या बाई भेटायला आल्या. त्यांनी सांत्वनबिंत्वन केलं नाही, फरशीवरचे साबणाचे पट्टे तेवढे बघितले. जाताना त्याने विचारलं, "बाई, धक्क्याच्या पुढे वर्दी जात नाही म्हणता. मग ती जाते कुठे?"

"जाईल कुठे?" बाई म्हणाल्या. "आतच राहते." मग त्यांना वाटलं की आपण बोललो ते बरं नाही, आणि त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

त्याने खूप विचार केला. आपण मागे सरलो होतो. तिने ते बघितलं होतं. एकट्या बाईला तिथे टाकून नवरा काचेकडे पळतोय, तर ती काय ओरडेल? दुसरं काय ओरडेल? जाऊ नका. अहो, मला सोडून जाऊ नका. जितका विचार करावा तितकं ते पहिलं अक्षर पक्कं होत गेलं. शेवटी तर त्याला ते ऐकू आल्यासारखंही वाटायला लागलं.

८

गुरुवारी दुपारी बारा वाजता त्याने तिन्ही मशीनं लावली. पिंप लावलं, पंखा लावला. टेबल त्याने त्या दिवसापासून हलवलं नव्हतं. इस्त्री तापवली आणि वाफेचं बटण चालू करून ती उभी ठेवली. वाफ उठली, मागे निघाली, आणि कमान उभी राहिली. तिथेच. तिसऱ्या मशीनसमोर.

या वेळी त्याने खुंटे नीट धरले. मागची भिंत, जाळी, मशीनचा फरशीत गाडलेला पाय, जिन्याची चौकट. चारही हलवून बघितले. चारही पक्के. त्यांच्या मानाने कमान पहिल्या रविवारी होती तिथेच होती. ती कधीच कुठे गेली नव्हती. तिला जायची गरजच नव्हती. सगळं आपण होऊन तिच्याकडे येत होतं, साबणाचं पाणी, वाफ, टेबल, ती, आणि आता हा.

त्याने किल्ली तिच्या खुंटीला लावली. चष्म्याचं घर खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं. बूट काढून जोडीने दारापाशी ठेवले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण ती आत होती आणि तिने थांबा म्हटलं होतं, आणि तो एकदा थांबला नव्हता. दुसऱ्यांदा ते त्याच्याकडून होणार नव्हतं.

"आलो गं," तो म्हणाला. टेबलाला वळसा घातला, डोळे मिटले, आणि वाफेतून पाऊल आत टाकलं.

आत गार होतं. मशीनांचा आवाज बटण बंद करावं तसा तुटला. बारा वर्षं तिला जी शांतता हवी होती ती हीच असणार, असं त्याला वाटलं, आणि क्षणभर तिच्यासाठी बरंही वाटलं. गरम सुती कापडाचा वास येत होता. त्याने डोळे उघडले नाहीत. मानेमागे थंडगार फुंकर आल्यासारखी वाटली, बऱ्याच उंचावरून.

आणि मग अगदी जवळ, कानापाशी, त्या गुरुवारपासून तिथेच थांबून राहिलेला तिचा आवाज त्याला मिळाला. गळा फाटेल असा. तीच दोन शब्दांची ओरड, आता पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पहिलं अक्षर "ये" होतं.